वर्गातला डिजिटल फलक केव्हा सुरू करावा आणि केव्हा बंद ठेवावा?

प्रश्न

मी सातवीला विज्ञान आणि गणित शिकवते. वर्षभरापूर्वी आमच्या वर्गात डिजिटल फलक बसला, दहा टॅबही मिळाले. त्याचा मला मनापासून आनंद झाला होता. परंतु गेल्या महिन्यातल्या एका अनुभवाने मी विचारात पडले आहे. विद्युत परिपथाचा पाठ मी एका सुरेख चलचित्राच्या आधाराने घेतला. मुले मन लावून पाहत होती आणि मी मध्येच विचारलेल्या प्रश्नांना एका सुरात उत्तरे देत होती. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटाला एक विद्युतघट, एक छोटा बल्ब आणि तारेचा एकच तुकडा देऊन बल्ब पेटवायला सांगितले, तेव्हा बहुतेक गटांनी घटाच्या एका टोकापासून बल्बच्या तळापर्यंत तार नेली आणि उजेड पडेना म्हणून घटच बदलून मागितला. पूर्ण परिपथ त्यांनी पडद्यावर तीन वेळा पाहिला होता. मग माझे नेमके कोठे चुकले, आणि ही साधने कोणत्या कामासाठी वापरावीत?

उत्तर १ (विज्ञान शिक्षक)

मॅडम, माझ्या मते चूक चलचित्राची नाही, क्रमाची आहे. आपण उत्तर आधी दाखवले आणि प्रश्न मागाहून दिला. घट आणि बल्ब पहिल्याच दिवशी मुलांच्या हाती द्यावेत, त्यांना धडपडू द्यावे, आणि तार कोठे लावल्यास काय होईल याचा अंदाज प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्यावा. अंदाज चुकला की मूल पडद्याकडे पाहते ते कारण शोधण्यासाठी.

डोळ्यांना दिसू न शकणारे दाखवायचे असेल, तेथे मात्र पडद्याला तोड नाही. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पात पडद्यावरच परिपथ जोडून पाहण्याचा एक विनामूल्य संच आहे. ‘बल्ब वीज खाऊन टाकतो, म्हणून पुढच्या तारेत ती कमी उरते’ ही समजूत मुलांच्या मनात फार घट्ट बसलेली असते. या संचात इलेक्ट्रॉन ठिपक्यांच्या रूपाने दिसतात, आणि बल्बच्या अलीकडे व पलीकडे ते सारख्याच वेगाने सरकत असतात. मी तेथे थांबतो आणि विचारतो, “मग बल्बने नेमके घेतले काय?” वर्गात शांतता पसरते, आणि ऊर्जेचा पाठ मी त्या शांततेतूनच सुरू करतो.

उत्तर २ (गणित शिक्षिका)

आपण लिहिलेल्या ‘एका सुरात’ या शब्दांपाशी मी थबकले. एका सुरात आलेल्या उत्तरातून पाच-सहा मुलांचेच ज्ञान कळते. उरलेली मुले त्यांच्या आवाजामागे निवांत लपतात. प्रत्येक मुलाचे उत्तर शिक्षकाला त्याच क्षणी दिसणे, हा मला डिजिटल साधनांचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो.

त्यासाठी मुलांच्या हाती यंत्र असण्याचीही गरज नाही. प्लिकर्स या अ‍ॅपमध्ये प्रत्येक मुलाकडे छापील कार्ड असते, त्याची जी बाजू वर धरावी ते त्याचे उत्तर, आणि शिक्षकाच्या एकाच मोबाइलचा कॅमेरा साऱ्या वर्गाची कार्डे वाचतो. प्रत्येक कार्डावरची नक्षी निराळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणेही अवघड जाते. ‘०.३५ मोठा की ०.४?’ एवढेच विचारून पाहावे. ‘पस्तीस चारापेक्षा मोठे’ हा तर्क किती जणांच्या मनात आहे, ते अर्ध्या मिनिटात समजते.

खरे काम त्यानंतरचे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे बरोबर उत्तर लगेच सांगायचे नाही. आपले म्हणणे शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगायचे आणि पुन्हा मत घ्यायचे. पहिल्या वेळी साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तर चर्चा चांगली रंगते. त्याहून कमी असतील तर मी चर्चा न लावता पाठाकडे परत जाते.

उत्तर ३ (निवृत्त मुख्याध्यापक)

उत्साहाला थोडा लगाम असावा, म्हणून लिहितो. चित्रपटांमुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्ये म्हटले होते. त्यानंतरही प्रत्येक नव्या यंत्राबरोबर अशीच आश्वासने मिळत गेली. ओईसीडी या आर्थिक सहकार्य व विकासासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१५ च्या अहवालात, शाळांतल्या संगणकीकरणावर मोठा खर्च करणाऱ्या देशांत वाचन, गणित आणि विज्ञान या विषयांतील निकालांत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. साधने निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ मी काढत नाही. केवळ खरेदीने शिकणे घडत नाही, एवढे मात्र त्यातून दिसते. टॅब हाती देताना काम नेमके आणि वेळ ठरलेली असावी, आणि काम संपताच ते उलटे करून बाकावर ठेवण्याची सवय लावावी. उदाहरणातल्या पायऱ्या मुलांनी वहीतच उतरवाव्यात.

उत्तर ४

इंटरनेट ऐन तासिकेत बंद पडते, हे गृहीत धरावे. लागणारी सामग्री आदल्या दिवशी उतरवून ठेवावी आणि फळ्यावर घेता येईल असा पर्यायी पाठही तयार असावा.

प्रश्नकर्ती, आठ दिवसांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. कार्डे छापून घेतली आणि दशांश अपूर्णांकांचा प्रश्न विचारला. ४० पैकी २१ मुलांनी ०.३५ मोठा ठरवला. तीच मुले आदल्या दिवशी एका सुरात बरोबर उत्तरे देत होती. मी फलक बंद केला आणि त्यांना तीन मिनिटे बोलू दिले. एका मुलीने वर्गातली मीटरपट्टी आणली, ४० सेंटिमीटरवर बोट ठेवले आणि ती शेजारणीला म्हणाली, “हे बघ, मीटरचे चार दशांश इथे येतात, पस्तीस अलीकडेच राहिले.” दुसऱ्या मतदानात सातच मुले चुकली. त्या सात जणांना उद्या मीटरपट्टी घेऊन जवळ बसवणार आहे, आणि परिपथाच्या उजळणीला घट आणि बल्ब आधी देणार आहे.