टॅपिंगचं तारवाद्य घ्यायचंय, स्वस्तात. मदत हवी आहे

आडवाताल:
चॅपमन स्टिक घ्यायची होती. किंमत बघितली आणि लॅपटॉप मिटला. तसंच काहीतरी, पण परवडणारं आहे का? न छेडता, दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून वाजवायचं. आठ दिवस शोधतोय, जो तो व्हिडिओच पाठवतो. व्हिडिओ नकोत. नाव सांगा आणि कुठे मिळेल ते सांगा. या महिन्यात घ्यायचंच आहे.

खुंटी:
बजेट किती? आधी काय वाजवता? भारतात आहात की बाहेर?

रविवार_पेठकर:
"परवडणारं" हा आकडा नव्हे. काहींना स्टिकही परवडते.

बेंजोमास्तर:
कशाला परदेशी भानगडीत पडता? बुलबुलतरंग घ्या, म्हणजे आपला बेंजो. बटण दाबलं की सूर हजर. तोही मूळचा जपानी, 1912 साली नागोयात निघालेल्या ताइशोगोतोचा भाऊबंद. आमची पार्टी बावीस वर्षं गणपतीत वाजवतेय, पिकअप लावला की अख्खी गल्ली हलते.

खुंटी:
मास्तर, बेंजोला एका हाताने बटणं आणि दुसऱ्या हाताने छेडणं. यांना छेडायचंच नाहीये.

आडवाताल:
बेंजो नको!!! बजेट 40 हजार, पुण्यात आहे. गिटार वाजवतो हे उघडच आहे ना.

खुंटी:
उघड नव्हतं. असो. नवी स्टिक दोन हजार डॉलरच्या पुढे, वर कस्टम ड्यूटी. 40 हजारांत विसरा. दुसरं म्हणजे गिटार येते म्हणून स्टिक येईलच असं नाही. दहा तारांच्या स्टिकवर दोन गट असतात. मेलडीच्या तारा चौथ्यांत, म्हणजे सा-म अंतराने. ते तुमच्या ओळखीचं. बेसच्या तारा पाचव्यांत, सा-प, आणि त्यातली सगळ्यांत जाड तार पट्टीच्या मधोमध! एमेट चॅपमनला ही कल्पना 1969 मध्ये सुचली, वाद्य विकायला आलं 1974 मध्ये. एका मित्राची स्टिक मी तासभर हातात धरली होती. पंचावन्न मिनिटं डावा हात चुकीच्या तारेवर.

मेरीलँडकर:
हार्पेजी बघा, इकडे अमेरिकेत मेरीलँडमध्येच बनतं. टेबलासारखं आडवं ठेवून वाजवायचं, शेजारशेजारच्या तारांत पूर्ण स्वराचं अंतर. पियानोवाल्यांना फार लवकर जमतं.

आडवाताल:
किंमत?

मेरीलँडकर:
ते विचारू नका. पण आवाज ऐकाच, व्हिडिओ पाठवू का?

सुरेल_सुनीता:
संतूरचा विचार केलात का? फक्त पावसाळ्यात जपावं लागतं. दमट हवेत सूर हलतो.

रविवार_पेठकर:
नवं काही घेऊच नका. अमेरिकन जॅझ गिटारवादक स्टॅन्ली जॉर्डन साध्या सहा तारांच्या गिटारवर दोन्ही हातांनी टॅपिंग करतो. सगळ्या तारा चौथ्यांत लावतो. म्हणजे सगळ्यांत बारीक दोन तारा अर्धा स्वर चढवायच्या, झालं. खर्च शून्य.

खुंटी:
पेठकर, जॉर्डन दोन गिटारी घेऊनही वाजवतो, ते सोयीने विसरलात. सहा तारांत दोन हात एकमेकांच्या पायात पाय घालतात. आठ तारांची सेकंडहँड गिटार बघा, बेसला जागा मिळते.

रविवार_पेठकर:
आठ तारांची गिटार घेणारे सगळे महिन्याभरात विकायला काढतात. म्हणूनच सेकंडहँड मिळते.

आडवाताल:
आठ तारांची डावखुरी मिळते का?

खुंटी:
डावखुरे आहात??? हे आधी सांगायचं!

रविवार_पेठकर:
टॅपिंगला डावं काय नि उजवं काय, दोन्ही हात आपटायचेच.

खुंटी:
आपटायचे दोन्ही, पण जाड तारा कुठल्या हाताच्या वाट्याला, हा प्रश्न उरतोच. वर गिटारीचं अंग कापलेलं असतं एका बाजूने, वरच्या फ्रेटवर (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या काड्या) हात पोचला पाहिजे. डावखुरी आठ तारांची सेकंडहँड शोधायची तर महिना पुरणार नाही. घरातली डावखुरी आहे ना, तीच काढा. पहिल्या फ्रेटपाशी तारांवर केसांचं जाड कापडी रबर गुंडाळा, म्हणजे बोटामागचा तारेचा तुकडा झणझणत नाही. मग बाराव्या फ्रेटवर तारेखाली जुनी एटीएम कार्डं सरकवा. दोन जेमतेम जावीत. किती जातात ते सांगा.

आडवाताल:
करून बघितलं. बायकोचं मखमली रबर ढापलं, झणझण खरंच बंद झाली. पण कार्डं तीन गेली, तीही ढिली. आणि करंगळीचा सूर उमटतच नाही, नुसता लाकडावर टक्. ॲम्प वाढवला तर शेजारचे काका आले.

खुंटी:
तीन म्हणजे तारा फार उंच. म्हणूनच करंगळी मरतेय, तुमचा दोष नाही. नऊ गेजच्या पातळ तारांचा सेट चढवा, कारागिराकडून फ्रेट घासून समान करून घ्या, मग तारा खाली आणा. उरलेल्या पैशांत कॉम्प्रेसर पेडल (हलके-जोरकस सूर सारखे करणारं) आणि हेडफोनचा छोटा ॲम्प. काकाही खूश.

रविवार_पेठकर:
म्हणजे मी म्हणत होतो तेच.

खुंटी:
तुम्ही शून्य खर्च म्हणत होता.

आडवाताल:
पुण्यात फ्रेट घासणारा चांगला माणूस कोण? व्यक्तिगत निरोप करा. शनिवारच्या आत.

बेंजोमास्तर:
डावखुऱ्यासाठी बेंजो उलटा बांधून देतो. पण आत्ता सांगा, श्रावणात ऑर्डरी सुरू होतात.