चित्रपट वजा केल्यावर उरणारे संगीत : 'कोयानिस्कात्सी' आणि आसपासचे अनुभव

गॉडफ्रे रेजिओ यांच्या 'कोयानिस्कात्सी' (१९८२) या चित्रपटात संवाद नाहीत, निवेदन नाही आणि ज्यांना पात्रे म्हणता येतील अशी माणसेही नाहीत. जवळजवळ दीड तास वाळवंट, ढग, महामार्ग, कारखाने आणि गर्दी यांची दृश्ये कधी कमालीची संथ, तर कधी डोळ्यांना पेलणार नाहीत इतकी वेगवान होऊन समोरून जात राहतात आणि फिलिप ग्लास यांचे संगीत त्यांना एकत्र धरून ठेवते. हे संगीत तयार चित्रावर मागाहून चढवलेले नाही. काही भाग आधी रचले गेले आणि चित्रांची जुळणी त्यांच्यावरून झाली, तर काही ठिकाणी नेमके उलट घडले. अशी घडण असलेले संगीत सुटे करून ऐकावे का, याबद्दल मला नेहमीच शंका वाटत आली आहे. तरीही तो चित्रपट जितक्या वेळा पाहिला, त्याच्या कितीतरी पट अधिक वेळा मी त्याचे संगीत नुसते ऐकले आहे, हेही खरे.

माझे निरीक्षण 'द ग्रिड' या प्रकरणाबद्दल आहे. पडद्यावर तेव्हा रात्रीच्या रस्त्यांवरून दिव्यांचे ओघ वाहतात, सरकत्या जिन्यांवरून माणसे ओतली जातात, आणि संगीत क्षणोक्षणी वेग घेत आहे अशी प्रेक्षकाची खात्री होते. घरी नुसते ऐकताना लक्षात येते की सुरुवातीचा संथ भाग संपून मुख्य भाग सुरू झाल्यावर लय जवळजवळ स्थिर असते. बदलतात ते स्वरांचे गट आणि वाद्यांचे थर. धावत होते ते चित्र. चित्राने आपली घाई संगीताला उसनी दिली होती, आणि तिच्याबरोबर आपला निवाडाही दिला होता, की हे शहरी जगणे बिघडलेले आहे. नुसत्या संगीतात तो निवाडा मला सापडत नाही. किंबहुना 'द ग्रिड' मला बऱ्याच वेळा आनंदी वाटते.

या धाग्यात वाचकांनी असे आपापले अनुभव लिहावेत. ग्लास यांचेच संगीत हवे असे नाही, परंतु थोड्या स्वरांच्या पुनरावृत्तीवर उभे असलेले, चित्रपटासाठी रचलेले आणि चित्रपटाविना ऐकलेले असे ते असावे. ज्यांना ऐकायचे आहे त्यांच्यासाठी एक सूचना : १९८३ची मूळ तबकडी एका एलपीत मावावी म्हणून बरीच आखूड केलेली आहे. १९९८ साली नॉनसच कंपनीने काढलेले नवे ध्वनिमुद्रण सुमारे ७३ मिनिटांचे आहे.

तिरकिट (पुणे)

माझे शिक्षण तबल्याचे आहे, त्यामुळे माझा कान तिकडूनच ऐकतो. स्वतंत्र तबलावादनाच्या वेळी हार्मोनियमवर किंवा सारंगीवर जो नगमा धरला जातो, तो एका आवर्तनाचा असतो आणि तासभर तोच तो वाजतो. श्रोत्यांचे सगळे लक्ष पेशकार, कायदे, रेले, गती यांच्याकडे असते. नगमा धरणारा कलाकार कार्यक्रम संपल्यावर फारसा कोणाला आठवत नाही. 'कोयानिस्कात्सी'च्या पहिल्या प्रकरणात ऑर्गनवर खर्जातली एक उतरती ओळ पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यावर आल्बर्ट द रायटर यांचा अतिशय खालच्या पट्टीतला आवाज चित्रपटाचे नाव उच्चारत राहतो. ते नुसते ऐकताना मला जाणवले, की इथे नगमा आहे, पण तबला नाही. चित्रपटगृहात तबल्याचे काम चित्र करीत होते. चित्र काढून घेतले की ती जागा मोकळी पडते आणि नगम्यालाच मुख्य कलाकार मानून ऐकावे लागते. नगमा कसा धरला आहे, दुसऱ्या वेळी तोच स्वर किंचित जड पडला का, वरचा थर नेमका कोठून आत आला, या गोष्टी मी आयुष्यात प्रथमच इतक्या बारकाईने ऐकल्या. त्यानंतर मैफिलीतही माझे लक्ष नगम्याकडे जाऊ लागले आहे. माझ्या गुरुजींना हे फारसे रुचलेले नाही.

या संगीताचे आपल्याशी असलेले नाते पुष्कळांना ठाऊक असते, पण ते सांगताना एक घोटाळा होतो. ग्लास १९६०च्या दशकात पॅरिसमध्ये संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे शिकत होते. त्या काळात एका चित्रपटासाठी पंडित रविशंकर यांनी केलेले संगीत पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवण्याचे काम त्यांच्याकडे आले. आघात चुकीच्या जागी पडत आहेत असे उस्ताद अल्लारखा सांगत राहिले, आणि मापाच्या उभ्या रेघा पुसून टाकल्यावर दोन-दोन आणि तीन-तीन मात्रांचे गट आपल्याला दिसू लागले, असे ग्लास यांनीच सांगितले आहे. यावरून 'ग्लास यांनी आपला ताल घेतला' असे सर्रास म्हटले जाते. मला ते मान्य नाही. आपला तीनताल सोळा मात्रांचाच राहतो. आत काय वाटेल ते करा, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यावेच लागते. ग्लास यांच्या सुरुवातीच्या रचनांत पाच स्वरांचा गट सहाचा होतो, सहाचा सातचा होतो, म्हणजे आवर्तनच वाढत जाते आणि वाट पाहणारी समच उरत नाही. त्यांनी घेतली ती बेरीज. म्हणूनच हाताने टाळी-खाली धरून हे संगीत ऐकू लागले की काही वेळाने हात आपोआप थांबतो.

काळी चार (कोल्हापूर)

मी विरोधी मत नोंदवतो. अनेक वर्षे हार्मोनियम शिकवीत असल्यामुळे सारेग, रेगम, गमप असे पलटे मी इतके ऐकले आहेत, की त्यासाठी वेगळी तबकडी लावण्याची मला गरज भासत नाही. चित्रपट पाहताना हे संगीत प्रभावी वाटले. घरी लावले तेव्हा बंदिश कधी सुरू होणार याची वाट पाहत राहिलो.

कानसेन (ठाणे)

या धाग्याचा प्रश्न माझ्या बाबतीत वेगळ्या रीतीने पडतो. मी जन्मांध आहे. बोलपटातले संवाद, दारांचे आवाज, पावले यांवरून कथा कळते आणि संगीत त्यांच्या मागे असते. म्हणजे सर्वसाधारण चित्रपटाचे संगीत मलाही चित्रपटातून सुटे करून ऐकावे लागते. 'कोयानिस्कात्सी'मध्ये मात्र तसे सुटे करण्यासारखे फारसे काही नव्हते. मित्रांच्या आग्रहावरून एका फिल्म सोसायटीच्या खेळाला गेलो, तेव्हा चित्रपट आणि तबकडी या माझ्यासाठी जवळजवळ एकच वस्तू होत्या.

तरीही फरक पडला, आणि तो प्रेक्षकांमुळे पडला. 'व्हेसल्स' हे प्रकरण नुसत्या मानवी आवाजांनी सुरू होते. घरी ते मला एखाद्या मोठ्या दगडी वास्तूत गायल्यासारखे, स्थिर आणि उंच वाटत असे. सभागृहात त्याच प्रकरणात शेजारच्या रांगेत कोणीतरी हलके हसले आणि नंतर सर्व जण एकदम शांत झाले. मित्राने कानात सांगितले की तापलेल्या हवेत थरथरणारे एक प्रचंड विमान आमच्याकडे तोंड करून अतिशय सावकाश येत आहे. मला ते वर्णन नको होते. विमान एकदा त्या आवाजांत शिरले, ते आता बाहेर पडत नाही. डोळस मंडळी 'चित्र विसरून ऐका' असा सल्ला एकमेकांना देतात. ज्याला एकाच वाक्यातून एकच चित्र मिळाले आहे, त्याला ते विसरणे अधिक अवघड जाते, असे माझे मत झाले आहे. त्यानंतरच्या प्रकरणांच्या वेळी मी मित्राला गप्प राहण्याची विनंती केली, आणि 'प्रुइट इगो' व 'द ग्रिड' ही दोन प्रकरणे अजूनही माझ्याजवळ चित्राविना शाबूत आहेत. कृपया ती कोणी मला सांगू नयेत. धागाकर्त्यांनी वर थोडे सांगून ठेवले आहे, ते मी वाचकयंत्रावर घाईने पुढे ढकलले.

जॉयस्टिक (नागपूर)

कानसेन यांची क्षमा मागून, आणि पुढील परिच्छेद त्यांनी सोडून द्यावा अशी विनंती करून लिहितो. 'प्रुइट इगो' मी प्रथम ऐकले ते २००७ साली, 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' या खेळाच्या पहिल्या जाहिरातपटात. त्यात खेळातले नगर होते आणि त्याच्या मागे हे संगीत होते. पुढे २००९ साली 'वॉचमेन' चित्रपटात एका अणुशास्त्रज्ञाचे अतिमानवात रूपांतर होताना तेच संगीत पुन्हा भेटले. मूळ चित्रपट पाहिला तो सर्वांत शेवटी, आणि तेव्हा कळले की हे नाव सेंट लुईस शहरातल्या एका सरकारी गृहसंकुलाचे आहे : मिनोरू यामासाकी या वास्तुविशारदाने योजलेल्या, प्रत्येकी अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, ज्या १९७२ पासून पाडायला सुरुवात झाली. पडद्यावर त्या इमारती सुरुंगाने खाली बसतात. तीन निरनिराळी चित्रे एकाच संगीताला इतकी चपखल बसलेली पाहिल्यावर माझ्या मनातून तिन्ही निघून गेली. जे संगीत कशालाही चालते, ते कशाचेच नसते, असे मला तेव्हा वाटले आणि त्यात मला सुटका वाटली. आता मी ते नुसते संगीत म्हणून ऐकू शकतो.

मॉन्टाज (मुंबई)

मी चित्रपटांचे संकलन करते. आमच्या व्यवसायात मूळ संगीत तयार होण्यापूर्वी कच्च्या जुळणीखाली दुसऱ्या कुठल्यातरी चित्रपटाचे संगीत तात्पुरते लावून ठेवतात. त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. ग्लास यांचे संगीत या कामासाठी इतके सोयीचे आहे की ते धोकादायक आहे. कोठेही कापले तरी खटकत नाही, आणि कोणतेही दृश्य त्याखाली अर्थपूर्ण भासते. जॉयस्टिक यांना ज्यात सुटका वाटली, त्याची मला व्यावसायिक भीती वाटते : दिग्दर्शकाला दृश्य चांगले झाले आहे असा भास होतो, आणि टेम्प काढल्यावर उघडे पडलेले दृश्य पाहून बोलणी मला खावी लागतात.

माझा अनुभव स्टीफन डॉल्ड्री यांच्या 'द अवर्स' (२००२) चा आहे. त्यात १९२३ मधील रिचमंड, १९५१ मधील लॉस एंजेलिस आणि २००१ मधील न्यूयॉर्क अशा तीन काळांतल्या तीन स्त्रियांचा एकेक दिवस गुंफलेला आहे. तीन काळांसाठी तीन वेगळ्या धाटणीचे संगीत देण्याचा मोह टाळून ग्लास यांनी पियानो आणि तंतुवाद्यांचे एकच वस्त्र तिघींवरून पांघरले. संकलक म्हणून मला ते वरदान वाटले, कारण काळ बदलला तरी संगीत थांबत नाही, आणि त्यामुळे कापलेली जागा जोडलेली वाटते.

चित्रपट अनेकदा पाहून झाल्यावर मी ती तबकडी लोकलच्या प्रवासात ऐकू लागले. अपेक्षा अशी होती की प्रत्येक तुकड्याला आपली बाई आठवेल. तसे झाले नाही. काही आठवड्यांतच कोणता तुकडा कोणत्या स्त्रीचा, हे मला सांगता येईनासे झाले, आणि व्यवसायाने मला ते सांगता यायला हवे. त्या तबकडीतला 'एस्केप!' हा तुकडा तर चित्रपटासाठी मुळात रचलेलाच नाही. ग्लास यांच्या 'मेटामॉर्फसिस' या १९८८च्या पियानोरचनांतल्या दुसऱ्या भागावरून तो घेतलेला आहे. म्हणजे मी चित्रपटातून सुटे करून जे ऐकत होते, ते चित्रपटात येण्यापूर्वी सुटेच होते.

पांढरी पट्टी (नाशिक)

मायकेल नायमन यांचे 'द पियानो' (१९९३) चे संगीत या धाग्यात बसावे. थोड्या स्वरांच्या पुनरावृत्तीच्या या शैलीला म्हणतात तो 'मिनिमलिझम' हा शब्द संगीतासाठी त्यांनीच १९६८ साली एका समीक्षेत वापरला होता. जेन कँपियन यांच्या या चित्रपटातली एडा बोलत नाही, पियानो वाजवते, आणि हॉली हंटर यांनी ते तुकडे स्वतः वाजवले आहेत. एडा स्कॉटलंडची असल्यामुळे नायमन यांनी स्कॉटिश लोकधुनांचा आधार घेतला. मी प्रौढ वयात पियानो शिकू लागल्यावर त्यातला सर्वांत प्रसिद्ध तुकडा हाती घेतला. डाव्या हाताची सततची हालचाल शिकेपर्यंत ते संगीत कोणाचे तरी मनोगत आहे असे मला वाटत होते. शिकल्यावर ते मनगटाचे काम झाले. नुसते ऐकताना गेलेली एडा अजून परत आलेली नाही, आणि मला तिची उणीव भासते.

दूरदेशी (न्यू जर्सी)

पडद्यावर चित्रपट आणि खाली फिलिप ग्लास आँसांब्ल हा त्यांचा वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवीत आहे, असा कार्यक्रम मी पाहिला. संगीत आणि चित्रपट वेगळे होण्याची ही तिसरीच तऱ्हा आहे, कारण दोन्ही समोर असूनही माझे डोळे वादकांवर खिळले. मायकेल रीसमन एकीकडे कळफलक वाजवीत मानेच्या झटक्याने गट बदलण्याची खूण देत होते. ध्वनिमुद्रणात जो बदल आपोआप झाल्यासारखा वाटतो, तो इथे एका माणसाच्या मानेवर अवलंबून होता. यंत्रासारखे म्हणून ज्याची थट्टा होते त्या संगीताला किती श्वास आणि किती अंगमेहनत लागते, हे गायक आणि फुंकवाद्यांचे वादक पाहून समजले. शेवटच्या 'प्रॉफेसीज'मध्ये गायकवृंद होपी या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीच्या भाषेतली भाकिते गातो आणि त्यांचा अर्थ चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर येतो. घरी मी ती इतकी वर्षे केवळ अक्षरे म्हणूनच ऐकत आलो होतो. ग्लास यांच्या 'सत्याग्रह' या १९८०च्या ऑपेरात गीतेतले संस्कृत श्लोक आहेत, तेथे माझी गत नेमकी उलटी होते : शब्द ओळखीचे निघतात आणि कान संगीताकडून अर्थाकडे पळतो.

तिरकिट (पुणे)

काळी चार यांना एक सुचवतो. 'द ग्रिड'ने सुरुवात करू नये. जपानी लेखक युकिओ मिशिमा यांच्यावरील पॉल श्रेडर यांच्या 'मिशिमा' (१९८५) या चित्रपटातील तंतुवाद्यांच्या चौकडीचा भाग ग्लास यांनी वेगळा काढून आपला तिसरा स्ट्रिंग क्वार्टेट म्हणून मांडला आहे. सहा लहान प्रकरणे आहेत, आणि बंदिशीची वाट पाहण्याइतका वेळच मिळत नाही.

काळी चार (कोल्हापूर)

ऐकला. शेवटपर्यंत ऐकवला गेला, हे मान्य करतो. चौकडीत चार माणसांचे हात ऐकू येतात, ऑर्गनमध्ये मला ते येत नव्हते. मात्र चित्रपट वेगळा काढला असे म्हणताना प्रकरणांची नावे तीच ठेवलेली दिसतात. '१९३४ : आजी आणि किमिताके' (किमिताके हे मिशिमांचे मूळ नाव) असे शीर्षक वाचल्यावर मी ते संगीत आजीविना कसे ऐकावे? चित्रपट मी पाहिलेला नाही, तरी एक म्हातारी बाई समोर येऊन बसलीच. 'द ग्रिड' पुन्हा लावून पाहिले. ते अजूनही अर्ध्यावर बंद करतो.