रेस्क्यू नेमका कशाला म्हणायचा?

पंचवटीकर: काल शेजारच्या बिल्डिंगमधे खालचा मीटर बॉक्स जळाला, जिन्यात धूर झाला, फायरवाल्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना हाताला धरून खाली आणलं. आज ग्रुपवर सगळे ‘थरारक रेस्क्यू’ म्हणून फिरवताय. आजी तर स्वतःच्या पायानं चालत आल्या ना राव! मग हा रेस्क्यू कसा?

सिडकोवाला: माझा चुलतभाऊ फायरमन आहे, त्याचं गणित सोपंय. माणूस आपलाआपण बाहेर पडू शकत होता का? हो असेल तर ती मदत. बेशुद्ध पडलाय, दाराआड अडकलाय, त्याला उचलून आणला तर रेस्क्यू. चालत आलेले पण मोजायला लागलो तर लिफ्टमधून काढलेले पण हिरोच.

गोदाकाठ: एवढं सोपं नाय भाऊ. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरतो, म्हणजे आत्ता चालणाऱ्या आजी थोड्या वेळानं जिन्यातच बसल्या असत्या आणि मग तुम्हीच म्हणाला असता की खरा रेस्क्यू झाला. पुराचं पण तेच, नाशिकला गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे ना, जिच्यावरून पूर किती ते बघतात, तिच्या कमरेला पाणी लागलं की पुलावर सेल्फी काढणाऱ्या पोरांना पोलीस दांडा दाखवून हाकलतात, ते कोणी मोजतं का? आणि दोन दिवसांनी गाळातून बॉडी काढली की बातमीत ‘रेस्क्यू ऑपरेशन’, अरे तो शोध झाला, रेस्क्यू कसला!

पंचवटीकर: बॉडीचं पटलं. आजींचं अजून अर्धंच पटलंय. दवाखान्यात ऑक्सिजन लावलाय म्हणे, संध्याकाळी जाऊन बघतो.