आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून घ्यावीत का, परवडतं का?

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे माझं, दोन सीएनसी, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं), माणसं १४. ऑपरेटर टिकतच नाही हो, शिकवून तयार केला की शेजारचा हजार जास्त देतो आणि हा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तिकडं. सीए म्हणतोय अप्रेंटिस, म्हणजे काम शिकणारी पोरं स्टायपेंडवर घ्या. पण शिकवायचं मी आणि कमवायचं दुसऱ्यानं, वर सरकारी पोर्टलवर नोंदणीची कटकट. कुणी घेतलेत का?

भोसरीचा लेथवाला:
१९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानं ३० किंवा जास्त माणसं असली (ठेकेदाराची धरून) की त्यांच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. तुमची १४, म्हणजे मर्जी तुमची. एनएपीएसमध्ये (केंद्राची अप्रेंटिस योजना) स्टायपेंडचा २५ टक्के वाटा सरकार देतं, महिन्याला जास्तीत जास्त १५००, तो थेट पोराच्या खात्यात. ८००० ठरवले तर तुमच्या खिशातनं ६५००, पीएफ-ईएसआय नाही.
पण पहिले तीन महिने तोटाच धरा. आमच्या पोरानं पहिल्याच आठवड्यात ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा) टाकताना पॉइंट खाल्ला, ०.५ च्या जागी ५, टूल थेट चकवर (जॉब पकडणाऱ्या भागावर) आपटलं, इन्सर्ट म्हणजे कापायचं पातं आणि त्याचा होल्डर दोन्ही गेले. मी ओरडलो नाही. (खोटं कशाला, ओरडलो.) सहाव्या महिन्यात तोच एकटा सेटिंग करायला लागला. बाहेरनं तयार ऑपरेटर आणला तरी आपल्या मशीनवर हात बसायला महिना जातोच, आणि पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण.

जुना अप्रेंटिस:
दादा, आमची पण ऐका. मी फिटर, एका मोठ्या कंपनीत वर्ष काढलं, काम काय तर ट्रॉली भरा आणि बर (कापल्यावर कडेला राहणारी धार) काढा, व्हर्निअर, म्हणजे माप घ्यायचं साधन, हातात दिलं ते ऑडिटच्या दिवशी. सर्टिफिकेट मिळालं, येत काहीच नव्हतं, वर्ष संपलं तसा पळालो. नंतर एका छोट्या शॉपवर मालकानं सुट्टीनंतर शेजारी बसवून ड्रॉइंग वाचायला शिकवलं, तिथंच आहे अजून, सहा वर्षं झाली.

शिरोलीकर:
आयला, मी पण नवं पोरगं आलं की आधी लोडिंगलाच लावतो. लेथवाले, वर्ष झाल्यावर किती दिलेत त्याला?

भोसरीचा लेथवाला:
बाजारात चालू होतं तेवढंच. तिथं हात आखडलात तर शेजारचा टपलेलाच आहे. चार घेतले होते, दोन टिकले. गेलेल्यातल्या एकानं स्वतःचं शॉप टाकलंय, माझं जास्तीचं जॉबवर्क आता त्याच्याकडंच जातं, आणि रिजेक्शन माझ्यापेक्षा कमी आहे लेकाचं.