लाकडी लुअर (गळाचा नकली मासा) घरी बनवायचाय, सुरुवात कशी करू? (पहिला बादलीत आडवा झाला)

पुलाखालचा
नमस्कार मंडळी, मी म्हापशाच्या बाजूचा. दोनेक वर्षं झाली रॉड-रील घेऊन, कोलवाळच्या पुलाखाली शापोरा नदीत गळ टाकत असतो. तांबसो (तांबोशी) मिळतात अधूनमधून, चोणक (जिताडा) आतापर्यंत एकच आणि तोही दीड किलोचा. माझी अडचण माशांची नाही, लुअरची आहे. पुलाच्या खांबांना कालवं अशी चिकटलीयत की जरा कास्ट (फेक) चुकला की गेला पाचशे-सहाशेचा लुअर, गेल्या रविवारी एका सुकतीत (ओहोटीत) तीन घालवले आणि घरी येऊन बायकोला एकच सांगितला. म्हटलं आता आपणच बनवू.

तर वाड्यावरच्या सुताराकडून सागाचा तुकडा आणला, कटरने दोन रात्री बसून मासा कोरला, कल्ले, खवले, शेपटी सगळं केलं, घरात उरलेला ऑइलपेंट मारला. दिसायला एवढा भारी की शेजारी म्हणाला शोकेसमध्ये ठेव. हुक लावून बादलीत सोडला तर मेलेल्या माशासारखा आडवा. रात्रभर तसाच राहिला, सकाळी बघतो तर पोटाकडे पेंटला फोड.

लाकूड कुठलं घ्यायचं? पुढे ती पारदर्शक जीभ असते ती कशाची करायची? लेथ मशीन लागते का? घरी हॅकसॉ, एक कानस आणि ड्रिल एवढंच आहे. कोणी खरंच बनवत असेल तर सांगा, व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं.

सुकती_भरती
लेथ लागत नाही. तुझ्याकडे आहे त्यात फक्त पॉलिश पेपर घाल, ८०, १२० आणि २४० नंबर, झालं.

कल्ले आणि खवले तू स्वतःसाठी कोरलेस रे, चोणकाला त्याचं काही पडलेलं नाही. गढूळ पाण्यात त्याला लागते ती हालचाल. फिनलंडचा तो लॉरी रापाला, ज्याच्या नावाचे लुअर आपण विकत घेतो, त्याने १९३६ साली पहिला केला तो बुचाचा, वरून चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि लॅकर नव्हतं म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. दिसायला काय असेल तू विचार कर. पण तो बघून बसला होता की मोठा मासा कळपातला लंगडत चालणाराच नेमका उचलतो, आणि त्याने तेवढी चाल लाकडात आणली.

आता तुझा आडवा का झाला. पोटात वजनच नाही, म्हणून. हिशेब करून बघ. १०० बाय २२ बाय १८ मिलिमीटरचा ठोकळा घेतलास तर घासून गोल केल्यावर साधारण २५ सीसी उरतो, म्हणजे गोड्या पाण्यात तो २५ ग्रॅम उचलणार. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन असेल तर लाकडाचेच १२-१३ ग्रॅम. हुक, रिंगा, तार मिळून ८ धर. राहिले चारेक ग्रॅम, त्यातले २-३ ग्रॅम शिसं पोटात अगदी खाली आणि मध्यापासून किंचित पुढे, उरलेलं रंग आणि इपॉक्सी खाणार. सागात काय होतं, लाकूडच १६-१७ ग्रॅम, मग शिसं घालायला जागाच नाही. त्यात साग तेलकट, वर पेंट नीट धरत नाही. साग दाराच्या चौकटीला ठेव.

शिसं आधी आत घालू नकोस. लाकडाला सीलर मार, हुक-रिंगा अडकव, मग पागाच्या जाळ्याला लावतात ते शिशाचे तुकडे रबरबँडने पोटाला बांधून बादलीत पुढे-मागे सरकवत बघ. पाठ वर करून सरळ तरंगला की पेन्सिलने खूण आणि तिथेच ड्रिल. शिसं थंडच काप, घरात वितळवायच्या भानगडीत पडू नको आणि नंतर हात धू. बादलीत मीठ घाल, लिटरला ३५ ग्रॅम म्हणजे समुद्राइतकं. खाऱ्या पाण्यात हाच लुअर अर्धा-पाऊण ग्रॅम जास्त उचलतो, वाटतं तेवढी किरकोळ गोष्ट नाही ती, जो नळाच्या पाण्यात जेमतेम बुडतो तो केरीच्या समुद्रात तरंगतो.

आणि एक, सगळ्यात महत्त्वाचं. जिभेची खाच, तारेची खाच, मधली रेघ, सगळं ठोकळा चौकोनी असतानाच. गोल केल्यावर सरळ खाच मारायला गेलास तर ती वाकडीच जाणार, मी सहा लुअर असे फुकट घालवलेत.

बेतीचा_बाबू
वरच्यांनी सगळं सांगितलं, मी फक्त तारेबद्दल बोलतो कारण त्यात माझं काळीज अडकलंय.

मी सुरुवातीला पितळेचे छोटे स्क्रू-आय लावायचो, पडदे टांगायला असतात तसले. लुअर मस्त चालायचा, दोन तांबसो काढले त्याच्यावर. मग एका पहाटे भरती नुकती वळलेली, चोणक लागला, बाहेर उडी मारली तेव्हा दिसला, माझ्या मांडीएवढा, डोकं झटकलं आणि लाइन ढिली. ओढून बघतो तर लुअर आहे, पुढचा हुक आहे, मागचा नाही. स्क्रू भोकातून अलगद बाहेर, वर थोडा लाकडाचा भुगा चिकटलेला. लाकूड आतून ओलं होऊन मऊ पडलं होतं.

तेव्हापासून आरपार तार. एक मिलिमीटर किंवा थोडी जाड स्टेनलेसची तार, नाकापासून शेपटीपर्यंत सलग एकच, पोटाकडे हुकासाठी एक वळसा. पोटाकडून हॅकसॉच्या ब्लेडने खाच मारायची, तार बसवायची, इपॉक्सीत त्याच लाकडाचा भुगा कालवून खाच बुजवायची. लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो. स्प्रिंगची कडक तार घेऊ नको, पक्कडीने वळताना हात सोलतात. हुक पण जरा जाड बघ, स्वस्तातले हुक चोणक सरळ करून देतो. लीडर (लुअरला जोडलेला दोरीचा शेवटचा तुकडा) जाड ठेव, चोणकाच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, विणलेली लाइन तिथे घासली की संपली.

मानशीवर
पाइन कशाला, पांगारा आहे ना आपल्याकडे! कुंपणाला सगळीकडे असतो, काटेवाला, लाल फुलांचा. आमचे आजोबा जाळ्याच्या बोयांना पांगाराच घ्यायचे. एवढा हलका की सुरीने लोण्यासारखा कापतो. पडलेली फांदी मिळाली तर साल लगेच काढ, सावलीत वाळव. ओली ठेवलीस तर आठ दिवसांत काळी पडते आणि किडा लागतो.

बाकी मानशीवर (खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर) गळ टाकायला जाणार असशील तर आधी विचारून जा, तिथल्या मासळीची पावणी (लिलाव) झालेली असते आणि ज्याने घेतलीय तो मागे लागतो. आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात काठावर बसून पाय पाण्यात सोडू नको, मगरी आहेत, गंमत नाही करत.

सुकती_भरती
पांगारा चांगला, पण मऊ. एका तांबसोने चावला की दातांनी थर फुटतो, पाणी आत, मग फुगतो. नवशिक्याने पाइनच घ्यावं, चुका सहन करतं. शिवण मिळाली तर उत्तम, हलकी आणि घट्ट दोन्ही.

मानशीवर
तांबसो चावेपर्यंत तर पोचू दे त्याला 😄

सुंगटवाला
एवढा खटाटोप करण्यापेक्षा जिवंत सुंगटं (कोळंबी) लाव आणि गप्प बस, दहा मिनिटांत मासा.

बेतीचा_बाबू
सुंगटं तू आधी खातोस म्हणून तुला मासा मिळत नाही.

सुकती_भरती
जिभेचं राहिलं. जुन्या सीडी आहेत का घरात? सीडी पॉलीकार्बोनेटचीच असते, १.२ मिलिमीटर जाड. वरचा चकचकीत थर चिकटपट्टीने ओढून काढ, कात्रीने हळूहळू काप, कड पेपरने घास. सत्तर-ऐंशी मिलिमीटरपर्यंतच्या लुअरला चालते. त्याहून मोठ्याला २ मिलिमीटरचा सपाट पॉलीकार्बोनेट लागतो, शेडवाल्यांकडे तुकडे पडलेले असतात, फक्त पोकळ नळ्यांवाला नको. ॲक्रिलिक घेऊ नकोस, एकदा खांबावर आपटलं की टिचलं.

जीभ जेवढी उभी तेवढा लुअर वरवर चालतो, जेवढी अंगाच्या रेषेत आडवी आणि लांब तेवढा खोल जातो. तुझ्या पुलाखाली मी तर पहिला लुअर बिनजिभेचाच करेन, साधी पेन्सिल. सिगारसारखा आकार, शिसं शेपटीकडे, पाण्यात शेपूट खाली करून उभा राहतो आणि रॉडच्या टोकाला झटके दिले की डावी-उजवी करत वरून चालतो. अडकणारही नाही.

पुलाखालचा
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. दीड महिना झाला, आता रिपोर्ट देतो.

पाइनचे तीन केले. पेन्सिल पहिल्याच दिवशी जमली, आपोआप जमली म्हटलं तरी चालेल. दुसरा जिभेवाला, त्याच्यात मी शहाणपणा करून शिसं शेपटीत घातलं कारण लांब जाईल, लांब गेला खरा पण पाण्यात काठी ओढल्यासारखा नुसता येतो, हलतच नाही. तिसरा बरोबर केला. चौकोनी असतानाच खाच, पोटात शिसं, आरपार तार. तो डुलतो, पण जोरात ओढला की डावीकडे पळतो आणि वर येऊन लोळतो.

दुसरी भानगड इपॉक्सीची. रेझिन आर्टवाल्या पोरी वापरतात ते आणलं, सिरिंजने मोजून घेतलं, ब्रशने लावलं, चिमट्याला टांगलं. सकाळी सगळं खाली उतरून शेपटीला थेंब आणि वर ढगाळ. पावसामुळे असेल का?

बेतीचा_बाबू
ढगाळ पावसामुळेच. हवेत ओल असली की असं होतं, सीलर लॅकरचा असेल तर तोही पांढरा पडतो. खोलीचं दार बंद कर, शंभराचा पिवळा बल्ब लावून तासभर खोली कोरडी होऊ दे, मग काम कर. लुअर वाळलाय असं वाटलं तरी रंगाआधी एक दिवस थांब.

थेंब येतो कारण तू टांगून ठेवलास, तो फिरत राहायला हवा. चवथीच्या मखरात मागे चक्र फिरतं ना, त्याची मोटर असते, तीच. आडव्या काठीला दोन चिमटे लावून लुअर त्यात पकडायचे आणि रात्रभर हळू फिरत ठेवायचे. मायक्रोवेव्हच्या ताटलीखालची पण चालते, मिनिटाला पाच-सहा फेऱ्या. वायर उघडी ठेवू नको, बऱ्याच थेट लाइटवर चालतात त्या.

पुलाखालचा
मखराची मोटर आहे! माळ्यावर. आई म्हणते चवथीच्या आधी जागेवर ठेव आणि तिला इपॉक्सीचा एक थेंब लागला तर तुझं काही खरं नाही.

सुकती_भरती
डावीकडे पळतो त्याचं सोपं आहे. नाकाची कडी पक्कडीने उजवीकडे वळव, ज्या बाजूला न्यायचाय त्या बाजूला. दिसेल न दिसेल एवढीच, केसभर. मग कास्ट, मग परत केसभर. जास्त वळवलीस तर उजवीकडे पळेल. त्याआधी समोरून धरून जीभ सरळ आहे का बघ, ती वाकडी असेल तर कडी वळवून काही होत नाही. आणि वर येऊन लोळतो म्हणजे जीभ अंगाच्या मानाने मोठी झालीय, दोन्ही बाजूंनी एक-एक मिलिमीटर घास, नाही जमलं तर पोटात अर्धा ग्रॅम वाढव.

दुसरा फेकू नकोस. पोटात ड्रिल मारून थोडं शिसं पुढे घाल, बुडाला तर बुडाला, खोल पाण्यात चालेल.

पुलाखालचा
दोन्ही केलं, कडी केसभर उजवीकडे, जीभ थोडी घासली. काल संध्याकाळी भरती वळताना गेलो. सरळ आला, एकदम सरळ, आणि असा थरथरत की रॉडच्या टोकाला कळत होतं. पाणी लाल, गढूळ, म्हटलं काय मिळणार. आठव्या-नवव्या कास्टला खांबाच्या सावलीतून काहीतरी आदळलं. तांबसो, सव्वा किलो, घरी वजन केलं. पोटाकडच्या थरावर चार दात उमटलेत, इपॉक्सी फुटलेली नाही.

मजा म्हणजे याला अजून रंगच दिलेला नव्हता. नुसतं पिवळट लाकूड आणि वर इपॉक्सी. रंग पुढच्या आठवड्यात मारणार होतो, आता मारू की नको कळत नाही.

मानशीवर
मारू नको. त्याला हात लावू नको.

बेतीचा_बाबू
अभिनंदन रे! हुक गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेव.

सुंगटवाला
सुंगटं लावली असतीस तर चार मिळाले असते.