मदत हवी आहे : दत्तक घेतलेला नऊ वर्षांचा लॅब्रॅडोर चावू लागला आहे, आधी तपासण्या कराव्यात की आधी प्रशिक्षक लावावा?

नमस्कार.

मूळ मालकांनी परदेशी जाताना मागे ठेवलेला, अंदाजे नऊ वर्षांचा आणि छत्तीस किलो वजनाचा एक लॅब्रॅडोर आम्ही पावसाळ्याच्या सुरुवातीला दत्तक घेतला. ठाण्यातील आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात (इमारतीला लिफ्ट नाही) मी, पती, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी असे चौघे राहतो. सुरुवातीला तो इतका गप्प होता की घरात कुत्रा आहे हेही जाणवू नये. पुढे मात्र गुरगुरणे आणि दात विचकणे वाढत गेले आणि गेल्या आठवड्यात तो सासूबाईंच्या हाताला चावला. रक्त आले होते आणि त्याच्या लसीकरणाची खात्रीलायक नोंद नव्हती, म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे साबणाने धुऊन त्याच दिवशी त्यांना इम्युनोग्लोब्युलिन दिले आणि रेबीजच्या लशीचे डोस सुरू केले. ती बाजू डॉक्टर पाहत आहेत. माझा प्रश्न कुत्र्याविषयी आहे.

तो नेमका कशाने चिडतो हे मी लिहून ठेवत आहे. खात असताना भांड्याजवळ कोणी गेले तर त्याला काहीच वाटत नाही, त्यामुळे अन्न राखण्याची वृत्ती हे कारण मला पटत नाही. पावसातून आल्यावर तो छाती आणि पुढचे पाय मुकाट्याने पुसू देतो, पण कमरेला किंवा मागच्या पायांना टॉवेल लागला की हमखास गुरगुरतो. जिना चढताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतो. दाराची बेल वाजली तरी त्याचे कान हलत नाहीत, पट्टा हातात दिसला की मात्र लगेच उठतो. म्हणजे ऐकू कमी येत असावे. सासूबाईंनी त्याला हात लावला तेव्हा तो पाठमोरा झोपला होता.

यावरून मला खुब्याच्या सांध्यांचे दुखणे, त्यात बहिरेपणामुळे दचकणे, अशी शंका येते. लॅब्रॅडोरमध्ये खुब्याचा विकार सर्रास आढळतो. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी मात्र हात न लावताच ‘वय झाले की असे होते’ असे सांगून प्रशिक्षकाकडे पाठवले, आणि प्रशिक्षकाने मालक कोण हे दाखवून देण्यासाठी काटेरी पट्ट्याला हिसका देण्याचा सल्ला दिला. हा मार्ग मला मान्य नाही. ही वर्चस्वाची कल्पना मुळात कोंडून ठेवलेल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांतून आली असून रानातला कळप बहुधा आईवडील आणि पिल्ले यांचे कुटुंब असतो, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्येच मांडले आहे. शिवाय गुरगुरण्याबद्दल मार बसला तर कुत्रा गुरगुरणे सोडून थेट चावू लागण्याची भीती असते, आणि घरात लहान मूल असताना ती पूर्वसूचना गमावणे मला परवडणारे नाही.

आता परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये दाखवण्याचा विचार आहे. खुब्याच्या एक्स-रेसाठी बहुधा गुंगीचे औषध द्यावे लागते. या वयाच्या कुत्र्याला ते देण्याआधी मूत्रपिंड आणि यकृताच्या रक्ततपासण्यांखेरीज आणखी काय पाहून घ्यावे? थायरॉइडची तपासणी त्याच रक्तातून करून घ्यावी का? एक्स-रेऐवजी काही आठवडे पशुवैद्याच्या देखरेखीखाली वेदनाशामक देऊन वागणूक बदलते का, हे पाहिलेले कोणी येथे आहे का? (माणसांच्या गोळ्या कुत्र्यांना घातक ठरू शकतात हे ठाऊक आहे, कृपया त्या सुचवू नयेत.)

तोपर्यंत मुलीच्या आणि त्याच्या मध्ये जाळीचे फाटक बसवले आहे, गुळगुळीत फरशीवर रबरी चटया टाकल्या आहेत आणि त्याला उठवायचे झाल्यास समोरून येऊन, जमिनीवर पाय आपटून उठवतो. तोंडाला जाळीचे मुसके घालण्याची सवय खाऊ देत हळूहळू लावत आहे, पण मान वळवून तो अजून पळ काढतो. ही पायरी कोणी पार केली असल्यास नेमके कसे केले ते लिहावे. त्याला परत पाठवा असा सल्ला नातेवाइकांकडून भरपूर मिळालेला आहे, त्यामुळे शक्यतो तो वगळून उत्तरे द्यावीत.