मदत हवी आहे: आयथ्री (i3) विंडो मॅनेजरमध्ये एकच वर्कस्पेस टॅब्ड ठेवायचा आहे

डेबियन १२ लिनक्स, आयथ्री ४.२२, लॅपटॉपचा एकच स्क्रीन. चार नंबरच्या वर्कस्पेसवर मी फक्त पीडीएफ उघडतो. तिथे नवी विंडो आपोआप टॅबमध्ये यावी आणि बाकी सगळीकडे नेहमीसारखी स्प्लिट व्हावी, एवढंच हवंय.

कॉन्फिगमधली वर्कस्पेस-लेआउटची ओळ सगळ्याच वर्कस्पेसना लागू होते, म्हणून ती काढली. मग झथुरा या पीडीएफ-वाचकाच्या विंडो-क्लासवर नियम लावून लेआउट टॅब्ड केला. चारवर छान चालतं, पण दोनवर टर्मिनलशेजारी एखादी पीडीएफ उघडली की तिथेही टॅब होतात. लेआउट जेसन फाइलमध्ये साठवून परत लोडही करून पाहिला. मात्र रिकामा वर्कस्पेस सोडला की आयथ्री तो मोडून टाकतो आणि दरवेळी नव्याने लोड करावा लागतो. वैताग!

हाताने टॅब्ड करायला मॉड + डब्ल्यू दाबता येतं हे माहीत आहे, तेच टाळायचंय. स्वे किंवा दुसरा विंडो मॅनेजर सध्या नको. छोटी पायथन स्क्रिप्ट चालेल.

आयपीसीवर (स्क्रिप्टने आयथ्रीशी बोलायच्या वाटेवर) वर्कस्पेस तयार झाल्याची घटना ऐकून तेव्हाच लेआउट टॅब्ड पाठवला तर पुरेल का? की असाइनच्या नियमाने (जो ठरावीक प्रोग्रॅमची विंडो ठरावीक वर्कस्पेसवर पाठवतो) चारवरची पहिली विंडो मी दुसऱ्या वर्कस्पेसवर असताना उघडली, तर तो हुकूम चुकून माझ्या समोरच्या वर्कस्पेसला लागेल?